बांधाआतील अभयारण्य



अभयारण्य म्हटले की डोळ्यांसमोर सरकारी जंगल उभे राहते. वनखात्याची चौकी, रस्त्यावरचा आडवा बांबू, प्रवेशशुल्काची खिडकी आणि आत दाट झाडी, असे ते चित्र असते. परंतु पशुपक्ष्यांना सातबारा वाचता येत नाही. जेथे अन्न, पाणी आणि आडोसा मिळेल ती त्यांची भूमी; आणि ती भूमी पुष्कळदा एखाद्या शेतकऱ्याच्या अथवा मेंढपाळाच्या मालकीची असते. अशा खाजगी जमिनीवरील मूळची वनस्पती व जीवसृष्टी राखावयाची, तर तिच्या मालकाशी कोणत्या नात्याने बोलावयाचे, हुकमाने, विनंतीने की व्यवहाराने, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाचा एक कटू अनुभव महाराष्ट्राच्या पदरी आहे. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी 1979 साली सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले. नान्नजचे नाव त्यामुळे सर्वतोमुखी झाले. त्या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 8496 चौरस किलोमीटर होते. करमाळा, माढा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदा अशा तालुक्यांतील गावेच्या गावे आणि शेतेच्या शेते त्यात आली. त्यातील फार मोठा भाग खाजगी मालकीचा होता. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु ज्याच्या शेतावर ही रेघ ओढली गेली, त्याला कोणी विचारले नव्हते. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण, नव्या उद्योगाला अडचण; साहजिकच पक्ष्याचे नाव निघाले की कपाळाला आठी पडू लागली. अखेर 2012 साली ते क्षेत्र सुमारे 1222 चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणले गेले. आज तेथे माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. त्याची कारणे अनेक आहेत, ती सर्व या एका गोष्टीवर लादणे अन्यायाचे होईल. तरीही एवढे मान्य करावे लागते की, ज्यांच्या माळावर तो पक्षी वाढला, त्यांना त्याच्या रक्षणाच्या कामात भागीदार करून घेण्याचे राहून गेले.

हाच पेच पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात उभा राहिला आणि तेथे त्याचे उत्तर वेगळ्या मार्गाने शोधले गेले. ते उत्तर परिपूर्ण नाही. परंतु त्याची मांडणी व्यापारी माणसाला चटकन समजावी अशी आहे, म्हणून ती येथे सविस्तर मांडण्याजोगी वाटते.

व्हिक्टोरियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे तीन चतुर्थांश. राजधानी मेलबर्न. राज्याची जवळजवळ दोन तृतीयांश भूमी खाजगी मालकीची आहे. तेथील लोक मूळच्या रानाला 'बुश' म्हणतात. शब्दशः त्याचा अर्थ झुडूप असला तरी त्यात निलगिरीची वने, बाभूळकुळातील झाडे, खुरटी झुडपे आणि मोकळी माळराने असे सर्वच येते. निलगिरी हे आपल्याकडे परके आणि पाणी शोषणारे झाड म्हणून बदनाम आहे. तेथे मात्र ते घरचे झाड, आणि शेकडो जीवांचे घर. ज्या मातीत जे उगवले तेथेच त्याचे मोल, हे यावरून ध्यानात यावे.

या भूमीवर तेथील आदिम जमाती हजारो वर्षे राहत होत्या आणि हलक्या आगींचा जाणतेपणाने उपयोग करून माळ व वने जोपासत होत्या. 1830 च्या दशकात युरोपीय वसाहतकार आले, त्यांनी त्या जमातींना विस्थापित केले आणि मेंढ्यांचे कळप सोडले. पुढे छोट्या शेतकऱ्यांना जमिनी देण्याचे कायदे झाले. 1869 च्या भूमी कायद्यानुसार 320 एकरांपर्यंत जमीन निवडता येत असे. पण अटी होत्या. जमिनीवर स्वतः राहिले पाहिजे, कुंपण घातले पाहिजे, आणि किमान दहावा हिस्सा लागवडीखाली आणला पाहिजे. अर्थात झाड तोडणे हे त्या काळी कर्तव्य होते. न तोडणारा तो आळशी. बुंध्याभोवती सालीचे कडे काढून झाड उभेच वाळविण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. एवढेच नव्हे, जमीन साफ करण्याचा खर्च प्राप्तिकराच्या हिशोबात वजा मिळण्याची सवलत ऑस्ट्रेलियात थेट 1983 पर्यंत चालू होती. हिशोबाची वही पाहणाऱ्याला यातली मेख कळेल. उभे रान कोणाच्याही ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसत नव्हते. ते नाहीसे करण्याचा खर्च मात्र वहीत रीतसर लिहिला जात होता. ज्याची नोंद नाही त्याची राखण कोण करणार? राज्यातील निम्म्याहून अधिक मूळ वनस्पती नाहीशी झाली, आणि खाजगी जमिनींवर तर नुकसान याहूनही मोठे झाले.

1989 पासून तेथे मूळची झाडी तोडण्यास परवाना सक्तीचा झाला. कायदा आवश्यकच होता. परंतु कायदा कुऱ्हाड थांबवू शकतो. तण उपटू शकत नाही. कोवळी रोपे गुरांनी खाल्ली, सशांनी कुरतडली, परक्या वेलींनी गुदमरविली, तर एकही झाड न तोडता रान पन्नास वर्षांत संपते. त्याला रोजची राखण लागते, आणि रोजची राखण करणारा माणूस एकच असतो. तो म्हणजे त्या जमिनीचा मालक.

हे ओळखून 1981 साली व्हिक्टोरियात 'लँड फॉर वाइल्डलाइफ' ही योजना सुरू झाली. तिचे स्वरूप इतके साधे आहे की प्रथम ऐकणाऱ्याला संशय यावा. मालकाने आपण होऊन अर्ज करावयाचा. शुल्क नाही, अनुदान नाही, कायदेशीर बंधन नाही. जमीन लहान असो वा मोठी, तीवर शेती चालू असली तरी हरकत नाही. नोंदणी झाल्याने बाहेरच्या कोणाला आत येण्याचा हक्क मिळत नाही. मालकाला वाटेल तेव्हा बाहेर पडता येते. अर्ज आला की जाणकार अधिकारी येतो, मालकासोबत जमीन पायी फिरतो, कोणती झाडे मूळची, कोणती परकी, कोणते पक्षी व प्राणी येथे असू शकतात, हे दाखवितो आणि लेखी सल्ला देतो. फाटकावर लावण्यासाठी एक चौकोनी पाटी मिळते, पतंगासारखी कोनावर उभी केलेली. मालकाच्या हाती पडते ते एवढेच.

व्यवहारी माणूस विचारील, यातून साधले काय? साधले ते असे की, मालकाला आपल्याच जमिनीची ओळख झाली. पुष्कळ हानी द्वेषाने नव्हे, टापटिपीच्या हौसेने होते. पडलेले ओंडके गोळा करून जाळणे, वाळलेले झाड 'मेलेच आहे' म्हणून पाडणे, बांधावरची झुडपे साफ करणे, ही तेथे चांगल्या शेतकऱ्याची लक्षणे समजली जात. अधिकारी येऊन सांगतो की, त्या ओंडक्याखाली सरडे व कीटक राहतात. त्या वाळलेल्या झाडाच्या ढोलीत रात्री कोणीतरी झोपते. तेथे 'तुआन' नावाचा एक चिमुकला वृक्षवासी प्राणी आहे. कांगारूप्रमाणेच तो शिशुधानी प्राण्यांच्या वर्गातला. शेपूट बाटली धुण्याच्या ब्रशासारखी झुबकेदार. त्याच्यातील नर जेमतेम एक वर्ष जगतो आणि पहिल्याच विणीच्या हंगामानंतर मरतो; पुढची सारी पिढी माद्यांच्या ढोलीवर अवलंबून असते. निलगिरीच्या झाडाला अशी ढोली पडावयास शंभर वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ लागतो. राज्याच्या नैर्ऋत्य भागातील लाल शेपटीचा काळा काकाकुवा तर शेतातल्या एकाकी जुन्या वृक्षांच्या ढोल्यांतच घरटे करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते झाड नांगराच्या आड येणारे. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र त्याला पर्याय नाही.

सल्ले बारीकसारीक असतात आणि त्यातच त्यांचे मोल आहे. कुंपणाची सर्वांत वरची तार काटेरी न ठेवता साधी ठेवावी, कारण रात्री झाडावरून झाडावर तरंगत जाणाऱ्या प्राण्यांचे पडदे काट्यांत अडकून ते तडफडून मरतात. रानाच्या तुकड्याला कुंपण घालून गुरे बाहेर ठेवावीत. नवी रोपे लावावयाची तर जवळपासच्या झाडांच्याच बियांची लावावीत. ढोल्या नसतील तेथे लाकडी पेट्या टांगाव्यात. पाळीव मांजर रात्री घरात ठेवावे. यांतील एकाही गोष्टीसाठी मोठे भांडवल लागत नाही. लागते ते लक्ष. फाटकावरच्या पाटीचाही एक परिणाम होतो, तो शेजारधर्माचा. एकाच्या फाटकावर पाटी दिसली की दुसरा विचारतो, हे काय आहे? वस्त्रव्यवसायातील मंडळींना हे नवीन नाही. एका घरी आलेला नवा काठ पुढच्या सणाला साऱ्या आळीत दिसतो. ही योजना पुढे पश्चिम ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड, टास्मानिया अशा अन्य राज्यांतही पोहोचली. 1986 साली व्हिक्टोरियातीलच विंजालोक येथे 'लँडकेअर'चा पहिला गट निघाला. त्या राज्याच्या तत्कालीन मंत्री जोन कर्नर आणि शेतकरी संघाच्या अध्यक्षा हेदर मिचेल या दोघींनी त्या चळवळीसाठी हातमिळवणी केली होती. सरकार आणि शेतकरी एकाच सतरंजीवर बसले, हे त्यातले विशेष.

आता या योजनेची उणीव. पाटी ही मालकाच्या इच्छेवर टिकते आणि इच्छा ही माणसाबरोबर जाते. मालक वृद्ध झाला, मुले शहरात गेली, जमीन विकली गेली. नव्या मालकाला त्या झाडीत घरे बांधावयाची असतील अथवा द्राक्षे लावावयाची असतील. जुन्या मालकाची नोंदणी त्याला बांधील नसते. तीस वर्षे एका दांपत्याने रात्रंदिवस राखलेले रान कधी एका हंगामात उलटेसुलटे होऊ शकते. खाजगी जमिनीवरील संरक्षणाचा खरा कस येथे लागतो. चांगला मालक मिळणे हे भाग्य. परंतु केवळ भाग्यावर कोणतीही पेढी चालत नाही.

न्यासपत्र म्हणजे काय, हे या सभेला वेगळे सांगावयास नको. सही करणारे जातात, शब्द राहतो. व्हिक्टोरियाने नेमका हाच मार्ग घेतला. 1972 साली तेथील विधिमंडळाने स्वतंत्र कायदा करून एक न्यास स्थापन केला; तो आज 'ट्रस्ट फॉर नेचर' या नावाने ओळखला जातो. 1978 मधील दुरुस्तीनंतर या न्यासाला जमीनमालकाशी कायमस्वरूपी संरक्षण-करार करण्याचा अधिकार मिळाला. न्यासाचा माणूस जमीन पाहतो, नकाशा करतो, घर, गोठा व शेती यांसाठी लागणारा भाग वेगळा काढतो आणि उरलेल्या रानासाठी अटी ठरतात: झाडे तोडावयाची नाहीत, जमीन फोडावयाची नाही, तुकडे पाडावयाचे नाहीत. विश्वस्तांची मान्यता आणि मंत्र्यांची संमती मिळाल्यावर तो करार जमिनीच्या हक्कपत्रावर नोंदला जातो. आपल्याकडे सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा चढतो, त्याची येथे आठवण व्हावी. फरक इतकाच की हा बोजा कर्जाप्रमाणे कधी फिटत नाही. जमीन विका, बक्षीस द्या, वारसांना ठेवा. पुढचा प्रत्येक मालक त्याने बांधलेला. मालकी मात्र मालकाचीच राहते. तो तेथे राहू शकतो, जमीन विकू शकतो. असे दीड हजारांहून अधिक करार आजवर तेथे झाले आहेत. बहुतेक मालकांनी ते विनामोबदला, केवळ आपल्या इच्छेने केले आहेत.

विनामोबदला या शब्दावर क्षणभर थांबावयास हवे. असा करार केल्याने जमिनीचा बाजारभाव घटू शकतो. म्हणजे त्या माणसाने आपल्या मुलाबाळांच्या वाट्यातील काही भाग, ज्यांना तो कधी पाहणारही नाही अशा जीवांच्या नावे केला. दानाचे अनेक प्रकार आपल्या परंपरेने गौरविले आहेत. हे दान असे आहे की देणाऱ्याच्या हातून वस्तू जात नाही, ती बिघडविण्याचा हक्क तेवढा जातो. घरच्या मंडळींची संमती घेतल्याशिवाय असा करार करणे शहाणपणाचे नाही. पित्याचे पुण्य पुत्राला दंड वाटू लागले तर रानाची राखण कोण करील?

या न्यासाची आणखी एक पद्धत व्यापाऱ्यांच्या मनाला विशेष भावणारी आहे. उत्तम रान असलेली एखादी जमीन विक्रीस निघाली की न्यास ती स्वतः विकत घेतो, तिच्यावर संरक्षण-करार नोंदवितो आणि मग रानाची आवड असलेल्या गिऱ्हाइकाला ती पुन्हा विकतो. आलेल्या पैशातून पुढची जमीन. थोडक्यात, हे खेळते भांडवल. माल दुकानात साठवून ठेवला तर एकाच ठाणात सारी रक्कम अडकते. तोच फिरता ठेवला तर त्याच रकमेत वर्षाला कितीतरी उलाढाल होते. सर्व जमिनी कायम स्वतःकडे ठेवणाऱ्या संस्थाही तेथे आहेत. टास्मानियातील बॉब ब्राऊन यांनी 1990 साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराची रक्कम लिफी खोऱ्यातील वनाच्या खरेदीत घालून ज्या कामाची सुरुवात केली, त्यातून 'बुश हेरिटेज' ही संस्था उभी राहिली. तो मार्गही थोर. पण त्याला भांडवल फार लागते आणि घेतलेली प्रत्येक जमीन पुढे स्वतःच्या खर्चाने सांभाळावी लागते. खेळत्या निधीत सांभाळणारा मालक गिऱ्हाइकाच्या रूपाने आपोआप मिळतो. खरेदी-विक्रीच्या भावात घट आली तर तेवढी तूट देणग्यांतून भरून काढावी लागते, हे अर्थात विसरता येत नाही.

परंतु प्रत्येक शेतकरी दानशूर असू शकत नाही, आणि तसे असावे अशी अपेक्षा करणेही बरे नव्हे. ज्याच्या डोक्यावर बँकेचे कर्ज आहे, त्याला कुंपणाचा व तण काढण्याचा खर्च कोठून परवडणार? सरकारने पैसे द्यावेत, हे खरे. पण किती आणि कोणाला? सरसकट एकच दर लावला तर ज्याचे रान सामान्य त्यालाही तेवढेच, आणि ज्याच्याकडे दुर्मीळ जीव आहेत त्यालाही तेवढेच. येथे एक गंमत आहे. आपल्या जमिनीवरील वनस्पतींचे शास्त्रीय मोल शेतकऱ्याला ठाऊक नसते. आणि राखणीसाठी त्याला खरोखर किती रक्कम पुरेल, हे सरकारला ठाऊक नसते. दोन्ही बाजूंच्या हाती अर्धीच माहिती.

2001 साली उत्तर व्हिक्टोरियात यावर एक प्रयोग झाला. त्याचे नाव 'बुशटेंडर'. इच्छुक शेतकऱ्याच्या जमिनीवर तज्ज्ञ जाऊन रानाला गुण देत: दुर्मिळता किती, अवस्था कशी, राखण केल्यास सुधारणा किती होईल. मग शेतकऱ्याने स्वतः ठरवावयाचे की, कुंपण घालीन, गुरे बाहेर ठेवीन, पडके लाकूड उचलणार नाही, तण काढीन. आणि या कामासाठी मला इतके डॉलर हवेत. ही रक्कम सीलबंद निविदेत. जेथे प्रत्येक डॉलरमागे निसर्गाचा लाभ अधिक, त्या निविदा आधी मंजूर. करार तीन वर्षांचा, पैसे काम पाहून हप्त्याने. या फेरीसाठी सुमारे चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तेव्हा असे दिसले की, एकच दर लावून तेवढाच लाभ मिळवावयाचा असता तर सुमारे सत्तावीस लाख डॉलर लागले असते. कमीत कमी दराची निविदा काढून शेतकऱ्याला पिळले, असा आक्षेप घेता येईल. परंतु दर त्याचा त्यानेच सांगितलेला होता आणि भाग घेण्याची सक्ती नव्हती. खरा आक्षेप वेगळा आहे. रान शंभर वर्षांत घडते आणि करार तीन वर्षांत संपतो. हप्ता थांबला की राखणही थांबेल काय, ही शंका अशा योजनांना कायम चिकटलेली असते. कायमच्या करारापुढे मुदतीचा करार फिका पडतो तो येथे. 1 जानेवारी 2024 पासून व्हिक्टोरिया सरकारने 'ट्रस्ट फॉर नेचर'च्या करारातील जमिनींना राज्याच्या जमीनकरातून सूट दिली, ती या दृष्टीने योग्य दिशेची आहे. एकेकाळी झाडे तोडणाऱ्याला करसवलत मिळत होती. ती राखणाऱ्याला मिळावयास चाळीसेक वर्षे गेली.

आता एक असा मुद्दा, ज्यापाशी या सभागृहातील श्रोत्यांचे मन अडखळल्यावाचून राहणार नाही. 1859 साली शिकारीच्या हौसेसाठी व्हिक्टोरियातील एका जमीनदाराने इंग्लंडहून आणलेले अवघे 24 ससे आपल्या वाडीत सोडले. पुढे कोल्हेही आणले गेले. मांजरे रानटी झाली. या परक्या प्राण्यांनी तेथील मूळच्या अनेक जीवांचा संहार केला, त्यांच्याशी लढण्याची उपजत सवयच त्या जीवांना नव्हती. म्हणून तेथे संरक्षणाच्या कामात या प्राण्यांचा नाश करणे हे एक नित्याचे अंग मानले जाते, विषारी आमिषाचाही वापर होतो. एवढेच नव्हे तर 1994 च्या कायद्यानुसार अशा उपद्रवी प्राण्यांचा बंदोबस्त करणे हे जमीनमालकाचे कर्तव्य आहे. एका जीवाच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा वध, तोही माणसाच्याच जुन्या चुकीमुळे. ज्यांनी मुंगीलाही टाळून पाऊल टाकावे असे संस्कार घेतले आहेत, त्यांना हे पटावे असा आग्रह धरता येत नाही. तेथेही सर्वांच्या मनाला हे पटते असे नाही. काही ठिकाणी मोठ्या रानाभोवती कोल्हा व मांजर यांना ओलांडता न येणारे उंच कुंपण घालून आत मूळचे प्राणी ठेवतात. पण त्याचा खर्च फार, आणि कुंपणाबाहेरचा प्रश्न तसाच. चोवीस सशांची ती चूक दीडशे वर्षांनंतरही कोणाला फेडता आलेली नाही. आपल्याकडे तलावात परके मासे वा रानात परकी झाडे उत्साहाने सोडणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

शेवटी माळरानाकडे, कारण विषयाचा आरंभ माळावरच्या पक्ष्यापासून झाला होता. उत्तर व्हिक्टोरियाच्या सपाट गवताळ पट्ट्यात 'प्लेन्स-वाँडरर' नावाचा पक्षी राहतो. लाव्ह्याएवढा, उडण्यात बेताचा, धोका दिसला की गवतात दबून बसणारा. मादी मोठी व अधिक रंगीत. अंडी उबविण्याचे व पिले वाढविण्याचे काम नराकडे. जगात त्याच्या कुळात तो एकटाच, आणि आता अतिसंकटग्रस्त. त्याला गवत हवे, पण विरळ. गवताच्या ठोंबांमध्ये मोकळी जमीन हवी, म्हणजे चरता येते आणि मान उंचावून शत्रू पाहता येतो. 2010-11 च्या मुसळधार पावसानंतर गवत इतके दाट माजले की त्या भागातील त्याची संख्या झपाट्याने घसरली. येथे 'गुरे बाहेर ठेवा' हा सल्ला उलटा ठरतो. येथे मेंढ्या हव्यात. मात्र बेताच्या आणि वेळेवर. पक्ष्याचा आधार मेंढपाळच आहे. सरकारने जमीन घेऊन कुंपण घातले आणि मेंढपाळाला बाहेर काढले तर पक्षी जाईल; मेंढपाळाने लोभाने कळप वाढविला तरी जाईल; आणि त्याने मेंढ्या विकून माळ नांगरला, तर मग काहीच उरणार नाही, कारण नांगरलेला मूळचा माळ सहजासहजी परत येत नाही. म्हणून तेथील काही माळ कराराखाली आणले गेले आहेत. नांगर कायमचा बंद, चराई चालू.

परंतु गवत 'बेताचे' आहे हे ठरवावयाचे कसे? मेंढपाळाचा बेत आणि शास्त्रज्ञाचा बेत यांत भांडण होणारच. त्यावर तेथे निघालेली युक्ती ऐकण्यासारखी आहे. एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट जमिनीवर ठेवतात आणि तीत गोल्फचे अठरा पांढरे चेंडू टाकतात. मग वरून पाहावयाचे. सगळे चेंडू उघडे दिसले तर चराई जास्त झाली, मेंढ्या हलवा. बरेचसे गवतात बुडाले तर चराई कमी, कळप आत सोडा. बहुतेक दिसतात आणि थोडे अर्धवट झाकलेले आहेत, तर पक्ष्याला राहण्याजोगे आहे. कपड्याचा पोत अंगठा व बोट यांत धरून पाहावा, तसेच हे. हंगामात दोन-तीनदा अधिकारी व मेंढपाळ मिळून चौकट टाकतात, चेंडू मोजतात, आकडा वहीत लिहितात, आणि कळप कोणत्या फाटकातून कधी न्यावयाचा ते तेथेच उभ्या उभ्या ठरवितात.